लिव्हरची गाठ, आणि सहा महिने थांबा म्हणतात

प्रेषक: शैला, एडिसन
विषय: ह्यांच्या तब्येतीबद्दल (लांबलचक आहे, माफ करा)

मंडळी नमस्कार,
गणपतीच्या स्वयंपाकाच्या लिस्टमधून माझं नाव काढा असं परवा लिहिलं तर इतके फोन आले की आता एकदाच सगळ्यांना सांगून टाकते. ह्यांना लिव्हरचा कॅन्सर निघालाय. दारूचा थेंब घेतलेला नाही आयुष्यात, हे आधीच लिहिते कारण दोघांनी आडून आडून विचारून झालंय. वीस वर्षांचा डायबेटिस, फॅटी लिव्हर, त्याचं सिरोसिस (लिव्हर आतून कडक होत जातं ते) कधी झालं आम्हाला पत्ताच नाही, पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली त्यात गाठ दिसली, मग एमआरआय, ३.२ सेंटिमीटर. बायॉप्सी केलीच नाही, नुसता एमआरआय बघून कॅन्सर म्हणाले, असं कसं?

आणि आता ट्रान्सप्लांट हाच उपाय म्हणतात आणि त्याच तोंडाने सहा महिने थांबा म्हणतात!! कॅन्सर आहे ना, मग थांबायचं कशाला? ज्यावर नंबर लागतो तो मेल्ड स्कोअर ९ आलाय, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या लिस्टमध्ये जवळजवळ शेवटी. हे तर रविवारी लॉन कापत होते. क्लिनिकला फोन केला की मेसेज ठेवा, मेसेज ठेवला की कोणी उलट फोन करत नाही. कोणी ह्यातून गेलंय का?

---

प्रेषक: विद्याधर
शैलाताई, धीर धरा. एवढीशी गाठ आहे तर कापून का टाकत नाहीत? सेकंड ओपिनियन घ्याच. आणि तोवर गुळवेल आणि भुईआवळ्याचा काढा सुरू करा, माझ्या नाशिकच्या मावसभावाला खूप फरक पडला, भारतातून येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवून देतो.

---

प्रेषक: नंदूकाका
शैला, विद्याधरचा काढा आधी बाजूला ठेव. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटांवर पेपर लिहिला होता, आयुष मंत्रालयाने तो मान्य केला नाही, त्यांचा वाद त्यांना घालू दे, पण सिरोसिस झालेल्या माणसावर आपण प्रयोग करायचे नाहीत. विद्याधर, रागावू नकोस रे.

आता माझं. मंडळात फार जणांना माहीत नाही पण २०२१ च्या मार्चमध्ये माझं ट्रान्सप्लांट झालं, कारण हेच. दोन गाठी होत्या, २.४ आणि १.९. लोकांना "पोटाचं ऑपरेशन" असं सांगितलं होतं, कारण लिव्हर म्हटलं की दारू हे तू लिहिलंस ते शंभर टक्के खरं आहे.

बायॉप्सीचं असं की आपल्या लिव्हरला बरंचसं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं, पण ही गाठ मात्र धमनीतून रक्त ओढते. म्हणून एमआरआयमध्ये डाय दिला की गाठ आधी लख्ख उजळते आणि बाकीच्या लिव्हरच्या आधी विझते. सिरोसिसच्या पेशंटमध्ये एवढं नीट दिसलं तर सुई न घालता निदान पक्कं धरतात, सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडायची थोडी भीती असते ती टळते.

कापत का नाहीत? लिव्हर चांगलं असेल तर कापतातच. पण सिरोसिसमध्ये उरलेलं लिव्हर पुरेल याची खात्री नसते, आणि ते रानच खराब झालेलं असतं, आज एक तण उपटलं तर दोन वर्षांनी शेजारी दुसरं. ट्रान्सप्लांटमध्ये तणासकट रान बदलतात.

पण मग सगळ्यांनाच का नाही करत? पूर्वी मोठमोठ्या गाठींचीही करून बघितली, नवं लिव्हर घातलं आणि कॅन्सर परत आला, लिव्हरही गेलं माणूसही गेला. मग १९९६ ला मिलानच्या मात्साफेरो नावाच्या सर्जनने ४८ पेशंटांचा हिशोब मांडला: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, रक्तवाहिनीत शिरलेली नाही, लिव्हरबाहेर गेलेली नाही, अशांचीच केली तर चार वर्षांनी ७५ टक्के लोक जिवंत. तेच मिलान क्रायटेरिया. तुमची ३.२ ची एकच गाठ त्यात आरामात बसते. (गंमत बघ, २ सेंटिमीटरपेक्षा लहान एकच गाठ असती तर इथे अमेरिकेत रांगेत पुढे नेणारे जादा पॉइंट मिळालेच नसते.)

आता तुझे सहा महिने. मेल्ड म्हणजे लिव्हर किती थकलंय त्याचा आकडा, ६ ते ४०, त्यात कॅन्सर मोजतच नाहीत. तुझा नवरा लॉन कापतोय म्हणूनच ९. म्हणून २००२ पासून कॅन्सरवाल्यांना वेगळे पॉइंट देतात. पण ते इतके सढळ झाले की कॅन्सरवाले भराभर पुढे जायला लागले आणि आयसीयूत पिवळे पडलेले लोक मागे राहिले, मग कमी करत करत २०१५ मध्ये नियम आला की सहा महिने स्वतःच्याच स्कोअरवर थांबा, मग पॉइंट घ्या. मलाही संताप आला होता. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या सहा महिन्यांत तुमची गाठ आम्हाला स्वतःची ओळख करून देईल. उपचार करूनही जी गाठ सहा महिन्यांत फोफावते ती नव्या लिव्हरमध्येही परत आली असती. शांत बसली तर सर्जरीला अर्थ आहे.

आणि थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नाही. टेस करतील, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून गाठीच्या धमनीतच औषध सोडून ती बुजवतात, किंवा माझ्यासारखं वाय-९० चे किरणोत्सारी मणी, किंवा जाळतात. दर तीन महिन्यांनी स्कॅन, एएफपी (ह्या कॅन्सरची रक्ततपासणी), त्यावर पॉइंट रिन्यू. एक गोष्ट मात्र उद्याच कर. सहा महिन्यांचं घड्याळ पॉइंटचा अर्ज गेल्यापासून चालू होतं, ह्यांना गाठ झाली त्या दिवसापासून नाही. अर्ज गेला का, कुठल्या तारखेला, हे कोऑर्डिनेटरला पोर्टलवर लेखी विचार, फोन नको.

अजून एक सांगतो म्हणजे धक्का बसणार नाही. मला पहिला फोन रात्री दीडला आला, लिव्हर आहे, निघा. अंघोळ, बॅग, हिने घाईघाईत धपाटे बांधले, मला उपाशी राहायचं होतं तरी. चार तास गाऊन घालून बसलो आणि सर्जन येऊन म्हणाला, लिव्हर बघितलं, चांगलं नाही, घरी जा. सकाळी सहाला पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून दोघांनी गार धपाटे खाल्ले, एक शब्द बोललो नाही. सात आठवड्यांनी दुसरा फोन आला तो खरा. काढलेलं लिव्हर तपासलं तेव्हा स्कॅनला न दिसलेली तिसरी छोटी गाठ सापडली त्यात. सगळं नियमात असूनसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा जणांना कॅन्सर परत येतो, म्हणून माझे स्कॅन अजून चालू आहेत. स्कॅनच्या आधीचे चार दिवस मी कोणाशी नीट बोलत नाही, त्याबद्दल मंडळाच्या कमिटीची माफी.

---

प्रेषक: सोनाली
शैलाकाकू, मी लिव्हिंग डोनर टीममध्ये काम करते (तुमच्या हॉस्पिटलात नाही). काकांना भाऊ आहे ना साताऱ्याला? जिवंत माणसाने लिव्हरचा भाग दिला तर पॉइंटची रांगच नाही, तरी बरेच डॉक्टर गाठ काही महिने बघतातच. मोठ्या माणसासाठी साधारण उजवा भाग घेतात, ६० टक्क्यांच्या आसपास, डोनरचं उरलेलं काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढं होतं. पण धोका शून्य नाही, डोनर दगावण्याची शक्यता साधारण पाचशेत एक अशी आम्ही तोंडावर सांगतो. ब्लडग्रुप जुळायला हवा आणि त्यांचं स्वतःचं लिव्हर फॅटी नको, आपल्याकडे बरेच जण तिथेच बाद होतात.

इथे डोनरसाठी वेगळा वकील असतो, म्हणजे कोर्टातला नव्हे, फक्त डोनरची बाजू बघणारा माणूस. त्यांनी एकट्यात "नको" म्हटलं तर पेशंटला एवढंच कळतं की डोनर जुळला नाही. हे तुमच्या जावेला आवर्जून सांगा. तपासण्या आणि ऑपरेशनचा खर्च सहसा काकांचा इन्शुरन्स देतो, विमान आणि बुडालेला पगार नाही देत.

भारतात करायचं मनात असेल तर अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात सख्खा भाऊ जवळचा नातेवाईक धरतात, पण काका अमेरिकन सिटिझन, त्यामुळे ऑथरायझेशन कमिटीची परवानगी लागेल. तुमचा भाऊ मात्र काकांचा जवळचा नातेवाईक धरत नाहीत, म्हणजे मेहुणा चालणार नाही.

---

प्रेषक: सचिव
सर्वांना विनंती, डबे कोण देणार ते ह्या धाग्यात नको, वेगळी शीट केली आहे. सोमवार ते गुरुवार भरलेसुद्धा. कमी मीठ, कृपया लोणचं पाठवू नये.

---

प्रेषक: शैला, एडिसन
नंदूकाका, तुमचं ट्रान्सप्लांट झालंय हे आम्हाला माहीतच नव्हतं, गेल्या वर्षी तुम्ही लेझीम खेळलात की!! ह्यांनी तुमची मेल दोनदा वाचली, मग उठून गॅरेजमध्ये जाऊन बसले थोडा वेळ, मग येऊन म्हणाले नंदूला फोन लाव.

अर्ज गेलेलाच नव्हता. चेस्टचा सीटी राहिला होता आणि तो राहिलाय हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, तीन आठवडे वाया गेले. शुक्रवारी सीटी झाला, सोमवारी अर्ज गेला, तारीख फ्रिजवर लिहून लावली आहे. दिराशी मी बोललेच नाही, सोनालीची मेल जावेला फॉरवर्ड केली आणि आता गप्प बसले आहे. काढ्याची बाटली विद्याधरभावजी खरंच घेऊन आले होते, चहा दिला, बाटली परत दिली.

२३ ला टेस आहे, सकाळी साडेपाचला हॉस्पिटलात हजर. मला अंधारात टर्नपाइकवर गाडी चालवायची भीती वाटते, कोणी सोडेल का?

---

प्रेषक: नंदूकाका
मी येतो. पावणेपाचला खाली उभे राहा, हॉर्न वाजवणार नाही. आणि ह्या वर्षी माटोळीचं (गणपतीवर फळं टांगतात त्यातलं) पपनस खाऊन घ्यायला सांग त्याला, सध्याच्या गोळ्यांबरोबर चालतं का तेवढं फार्मसिस्टला विचार. ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनची गोळी) चालू झालं की ग्रेपफ्रूट बंद, आणि पपनस त्याचंच भावंड. माझ्यासारख्या मालवण्याला तेच सगळ्यात जड गेलं.