बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि ‘भरल्या पोटाचे चोचले’

वावरातला मास्तर
परवा तालुक्याच्या गटावर एका भावानं पोस्ट टाकली. थोडक्यात असं: दिवाळीच्या आधी घरातल्या बायांनी पसारा आवरावा, अडगळ मोडीत घालावी, शेतकऱ्याच्या घरी छंद म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, आणि ‘आमच्याकडे एक मास्तर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या जमवतो, त्याला काय म्हणावं?’ खाली चाळीसेक हसरे चेहरे. तो मास्तर मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

आता ऐका. माझ्याकडे कपाशीच्या बियाण्याच्या १६७ पिशव्या नि पाकिटं आहेत, एका पत्र्याच्या पेटीत. सुरुवात बाबांची. छंद हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. पेरणी झाली की पिशवी झटकायची, चौघडी करायची, पेटीत टाकायची. बियाणं बोगस निघालं तर पावतीसोबत दाखवायला पिशवी हवी, एवढंच कारण. कपाशीचे जुने संकरित वाण, हायब्रिड-४ आहे, एनएचएच-४४ आहे, पीकेव्ही हायब्रिड-२ आहे, आणि २००२ नंतरची बीटीची, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बियाण्याची, चकचकीत पाकिटं. जुन्या कापडी पिशव्या ११ होत्या, ७ राहिल्या. चार उंदरांनी नेल्या, त्याचं दुःख अजून आहे.

बाबा पिशवीवरच शिसपेन्सिलीनं लिहून ठेवत. त्यांच्यामागे मी लिहितो. २०१४ च्या पाकिटावर आहे: ‘८ जून. मृग कोरडा. १३ ला धूळपेर. २ जुलै मोडली. दुबार.’ म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलं, ते मोडलं, पुन्हा पेरलं. त्याखाली ‘उसने ३०००’, आणि त्यावर दुसऱ्या पेनानं मारलेली काट. ती काट मारली तो दिवस मला आठवतो. घरात त्या रात्री पुरणाच्या पोळ्या होत्या.

पावसाळ्यात लाइन गेली की नातू बॅटरी घेऊन बसतो. सगळी पाकिटं खाटेवर मांडायची, निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत बियाण्याचा, हिरवं लेबल सत्यप्रतचं, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हमीचं. मग छापील किंमती वाचतो. पहिलं बीटी ४५० ग्रॅमला सोळाशेच्या घरात, २००६ ला सरकारनं खाली ओढलं ते ७५०, २०२४ ला ८६४, २०२५ ला ९०१, आणि पाकीट ४७५ ग्रॅमचं. ‘आबा, मधेच स्वस्त कसं झालं?’ इथून जी गोष्ट सुरू होते ती जेवणाचं ताट येईपर्यंत. यात पोट भरल्याचा संबंध कुठं आला? पाच पैसे खर्च नाही.

स्पष्टबोल्या
पोस्ट माझीच. तुमचं नाव नव्हतं, चोराच्या मनात चांदणं.

मास्तर, तुमचा राग समजतो, पण माझ्या मामाचं घर पाहिलं असतं तर तुम्हीही हेच लिहिलं असतं. ‘उद्या कामी येईल’ म्हणून मोटारीचे जळके वायंडिंग, औषधाच्या बाटल्या, १९८० पासूनचे पेपर. मामीला त्या ढिगात विंचू चावला. पेपरांना उधळी, म्हणजे वाळवी लागली, ती भिंतीतून कपाटात गेली आणि खरेदीखत खाऊन बसली. नकलेसाठी सहा चकरा झाल्या, त्याही मामानं नाही, मी मारल्या. तुमच्याकडे उंदीर आलेच आहेत, उधळीही येईल.

आणि एक बोलू? तुमच्या घरी पेन्शन येते. ज्याच्या घरी सोयाबीन शेंगेतच कोंबारलं त्याला ‘खाटेवर पाकिटं मांडा, आनंद घ्या’ सांगून पाहा.

वावरातला मास्तर
पेन्शन माझी आहे, पिशव्या बाबांच्या. त्यांना कोणती पेन्शन होती?

मु. पो. मूर्तिजापूर
मी स्पष्टबोल्याच्या बाजूनं. मला जुन्या नाण्यांचा नाद होता. आजीकडे भोकाचे पैसे होते, १९४३ ते ४७ मधले, आमच्या आजोबांनी त्यातले निम्मे वखराच्या बोल्टाला वायसर म्हणून वापरले. तिथवर सगळं बरं होतं. मग मोबाईलवर आलं की ट्रॅक्टरवाली पाचाची नोट लाखात जाते. फोन केला. नोंदणी फी, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट’. ४,५०० गेले. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुठली फी घेत नाही. मी ते नंतर वाचलं. आता नाण्यांचा डबा दिसला की पोटात गोळा येतो. कसला आनंद?

वावरातला मास्तर
तुम्हाला नाण्यांनी नाही फसवलं, लाखानं फसवलं. माझ्या पिशवीला कोणी रुपया देत नाही, हीच तिची मजा.

पऱ्हाटीवाला
मास्तर, बाकीचं जाऊ द्या. तुमच्या पेटीत थे १२० ग्रॅमचं बारकं पाकीट हाय का? नॉन-बीटीचं. मोठ्या पाकिटासंगं येत होतं, वावराच्या चारही अंगानं त्याच्या पाच तासं, म्हंजे ओळी लावा नाई तं २० टक्के रकबा सोडा म्हनत होते.

वावरातला मास्तर
आहेत. १९. खरं सांगतो, पाच रिकामी आणि चौदा न फोडलेली.

पऱ्हाटीवाला
घ्या! चौदा पाकिटं पेटीत, अन् गुलाबी बोंडअळी आली का सरकारच्या नावानं बोंबलाचं. थ्या झाडाईवर साध्या अळ्या वाढल्या अस्त्या, त्याईचे पाखरं बीटीवर वाचलेल्या पाखरासंगं मिसळले अस्ते, तं बीटी पचवाले अळीले लय टाइम लागला अस्ता. एवढीच तं गोठ होती. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेवाले सांगू सांगू थकले. तुमी मास्तर मानूस, पोट्ट्याईले शिकवत होते, अन् पाकीट पेटीत! हा छंद नाई, पुरावा हाय.

स्पष्टबोल्या
संग्रहानंच मालकाला धरून दिलं 😂

वावरातला मास्तर
हसा. वावर साडेतीन एकर. त्यातही बांधाला बिगरबीटीची तासं, म्हणजे फवारणी निराळी, वेचणी निराळी. कोणी लावलं ते सांगा. तुम्ही लावलं?

पऱ्हाटीवाला
दोन वर्सं लावलं.

वावरातला मास्तर
आणि मग?

पऱ्हाटीवाला
मंग नाई लावलं. म्या पाकिटं जपून नाई ठेवले ना, म्हनून सापडलो नाई.

हिंगणघाटकर
बारक्या पाकिटावर किती खापर फोडाल? मुख्य दोष फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवण्याचा. डिसेंबरात पऱ्हाटी, कपाशीची झाडं, उपटा म्हणून ओरडतात, आपण पाणी देऊन मार्चपर्यंत उभी ठेवतो. अळीला बारा महिने घर मिळतं. माझी जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायची, आवारात सरकीचा ढीग पडला की पाखरं दिसतात मला. २०१७ ला बोंडअळीनं जे केलं ते एका दिवसात नाही झालं.

पऱ्हाटीवाला
जीनवाल्यानं फरदडीचं ग्यान देऊ नोका. डिसेंबरात भाव पाडता, फेब्रुवारीत चढवता, मंग कास्तकार पऱ्हाटी उभी ठेवनार नाई तं काय करंन? अन् काट्यावर क्विंटलमागं किलो-दोन किलो कट्टी काटता थे कोन्या शास्त्रात बसते? ओलं हाय म्हना, कवडी, म्हंजे किडका कापूस हाय म्हना. मायासंगं मागच्या वर्सी झालं, एका जीनवर, नाव नाई घेत.

हिंगणघाटकर
सगळे जीनवाले एकाच माळेत ओवू नका. कापसावर पाणी मारून गाडी आणणारे कास्तकारही मी पाहिलेत.

पऱ्हाटीवाला
कोन? नाव सांगा. सांगा नं, आता काऊन चूप?

हिंगणघाटकर
तुम्ही जीनचं नाव सांगा, मी सांगतो.

आर्वीची सून
झालं? बोंडअळी, फरदड, कट्टी, सगळं झालं. मूळ प्रश्न घरातल्या पसाऱ्याचा होता ना? मग एक विचारते. ती पेटी पुसते कोण?

माझ्या सासऱ्यांकडे पितळेची ४१ भांडी आहेत. गुंड, चरव्या, दोन कोपरं, एक गंगाळ, सगळी भंडाऱ्याची. पाहुणे आले की ‘हा आमचा संग्रह’. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी चिंच आणि राख घेऊन मोरीत बसते, दुपारी दोनला बसले की दिवेलागणीला उठते. गंगाळाच्या कडीखाली एक हिरवट रेघ असते, ती बोटानं निघत नाही, काडीला चिंधी गुंडाळून काढावी लागते. ती रेघ सासऱ्यांनी आजपर्यंत पाहिलेली नाही. त्यांना जुन्या दिवसांची आठवण येते, मला पाठीची. वरून एका भांड्यात एकदा ताक राहिलं, कल्हई उडालेली होती, सगळं हिरवं झालं, तर बोलणं मी खाल्लं.

मोडीत घाला असं मी म्हणत नाही. पण पुरुषांच्या छंदात ‘पाच पैसे खर्च नाही’ हे वाक्य मला चालत नाही.

स्पष्टबोल्या
ताई, शंभर टक्के. हेच मला म्हणायचं होतं.

आर्वीची सून
नाही हो, तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं. तुमच्या पोस्टमध्ये ‘घरातल्या बायांनी पसारा आवरावा’ असंच होतं. मोडवाल्याला हाक मारायलाही बाईच.

वणीची लेक
मी एवढा वेळ नुसतं वाचत होते. २०१७ चा विषय कोणी काढला तसाच सोडला, म्हणून लिहिते. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. माझे बाबा वाचले. पण नऊ दिवस दवाखान्यात, त्यातले तीन दिवस डोळ्यांना नुसता उजेड कळायचा, माणूस नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारावा लागायचा, सगळं तोंडावर उतरायचं. सर, त्या वर्षीचं पाकीटही तुम्ही खाटेवर मांडता? नातवाला काय सांगता?

वावरातला मास्तर
ते पाकीट आहे. त्यावर पेरणीची तारीख सोडली तर माझ्या हातचं एकही अक्षर नाही. नातवाच्या हाती ते आलं की मी पुढचं काढायला सांगतो. त्याला अजून सांगितलेलं नाही. पेटीतली सगळी पाकिटं आनंदाची आहेत असं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल तर तेवढं मागं घेतो, बेटा. बाबांना नमस्कार सांग.

पऱ्हाटीवाला
पोरी, बाबाले आता दिसते ना बरोबर?

वणीची लेक
हो काका. सुईत दोरा ओवता येत नाही, बाकी ठीक.

स्पष्टबोल्या
मास्तर, पोस्टमधलं ‘चोचले’ काढतो. ‘अडगळ’ काढणार नाही. मामीचा विंचू मी पाहिलाय.

वावरातला मास्तर
मेहेरबानी. ‘एक मास्तर’ तेवढं राहू द्या, प्रसिद्धी होते.

आर्वीच्या ताईंचं उत्तर द्यायचं राहिलं. पेटी... पाहतो. वावरात जातो आता, तूर फुलावर आहे.

वावरातला मास्तर
नमस्कार. मी यांची मिसेस. ते वावरात गेले, फोन चार्जिंगला राहिला. सुनबाईंनी जोडून दिलं, मी सांगते, ती लिहिते.

पेटी मीच पुसते. ती पेटी माझ्या माहेरची आहे, लग्नात आली, आत माझे लुगडे होते. पिशव्या आल्या तसे लुगडे वरच्या फळीवर गेले. त्याबद्दल यांना कधी बोलले नाही, आज बोलते.

दुसरं, त्या चार कापडी पिशव्या. उंदीर नव्हता. वाकळीला आतून कापड कमी पडलं होतं, तालुक्याला जाणं होईना, म्हणून चार उसवल्या आणि अस्तरात घातल्या. लिहिलेली बाजू आतल्या अंगाला ठेवली, घासू नये म्हणून. तीच वाकळ हे पाच हिवाळे पांघरतात आणि उंदरासाठी दोन पिंजरे आणून ठेवलेत.

पऱ्हाटीवाला
माय वो 😂😂

स्पष्टबोल्या
काकू, उंदरावरचा आळ मीही घेतला होता. त्याची माफी मागतो.

आर्वीची सून
काकू, ते आता वाकळ उसवा म्हणतील. उसवू देऊ नका.