हलकी इलेक्ट्रिक सायकल मुंबईत कोण कोण वापरतंय? (अनुभव धागा)

माहीमकर
मंडळी, घर माहीमला आणि ऑफिस लोअर परळला. अंतर फार नाही पण लोकलने जायचं तर दोन्हीकडे चाला आणि मधे दादरची गर्दी खा, रोज टॅक्सी परवडत नाही, बाईक लावायला ऑफिसखाली जागा नाही. म्हणून इलेक्ट्रिक सायकल डोक्यात घोळतेय. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली ठेवली तर सकाळी सीट जागेवर असेल याची खात्री नाही. दुकानात सगळे रेंजचंच (एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्याचंच) कौतुक करतात, वजन विचारलं की "हलकीच आहे सर". ज्यांनी वापरलीय त्यांनी जरा सविस्तर लिहा. पाऊस, बॅटरी, पंक्चर, सोसायटीची कटकट, सगळं येऊ द्या.

लालबाग तिसरा मजला
तुमचा प्रश्न म्हणजे माझाच प्रश्न होता. आधी भावाची वापरायचो, २२-२३ किलोची. चालवायला झकास, पण जिन्यात तिचं वजन म्हणजे विमानात टाकायची गच्च भरलेली बॅग, तीसुद्धा चाकं मोडलेली. आमच्या चाळीचा जिना लाकडी आणि वळणाचा, वळणावर हँडल भिंतीला अडकतं, मग एक पाय वरच्या पायरीवर एक खालच्या अशा अवस्थेत शेजारच्या काकू "अरे जरा जाऊ दे" म्हणत मागे उभ्या. शेवटी स्वतःची १६ किलोची घेतली. कागदावर सहा-सात किलोचाच फरक दिसतो पण तिसऱ्या मजल्यावर तो दम लागणं आणि न लागणं इतका आहे.

दोन गोष्टी सांगतो. नुसतं वजन बघू नका, उचलायची कुठून ते बघा. वरची आडवी दांडी असेल तर खांद्यावर बसते. दांडी नसलेली खाली वाकलेली फ्रेम असेल तर कमी वजनाची सुद्धा धड पकडता येत नाही. आणि उचलताना चेन बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ऑफिसची पँट गेलीच. दुकानात मी खरंच उचलून बाहेरच्या चार पायऱ्या चढून बघितल्या, दुकानदार हसला, हसू दे.

मुलुंड वायरमन
रेंजचं गणित सोपं आहे, कोणाला विचारायला नको. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात त्यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर म्हणजे साधारण २८० वॅट-अवर. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला दहाच्या आसपास वॅट-अवर जातात, पेडल न मारता नुसता थ्रॉटल (हँडलची मोटर चालवणारी मूठ) पिळत बसलात तर दीडपट-दुप्पट. बॉक्सवरचा आकडा हा हलका माणूस, सपाट रस्ता आणि भरपूर पेडल यांचा असतो. माहीम-लोअर परळ जाऊन येऊन बारा-पंधरा किलोमीटर धरले तर एवढी बॅटरी पुरून उरते. मोठी बॅटरी म्हणजे जास्त वजन, जे तुम्ही रोज फुकटात वाहणार. विजेचा खर्च विचारूच नका, एका युनिटमध्ये तीनेक फुल चार्ज होतात.

बॅटरी निघणारी घ्या. एवढ्या बॅटरीचं वजन दोन-अडीच किलो भरतं, आधी ती सॅकमध्ये टाका मग सायकल उचला. फ्रेमच्या आत बंद असलेली दिसायला छान दिसते पण मग चार्जिंगला अख्खी सायकलच वर न्यावी लागते.

आणि हो, मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग २५ च्या आत असेल तोवर ती कायद्याने सायकल, लायसन्स नको नंबरप्लेट नको. कोणी "लॉक काढून ३५ ला पळवून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा, मग ती मोटार गाडी झाली.

पवईचा चढ
लालबागकरांचं दांडीचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर, पण मी कुर्ता घालून चालवते, मला आडवी दांडी नकोच. आमच्याकडे लिफ्ट आहे, त्यामुळे उचलायचा प्रश्न नाही, माझा प्रश्न चढाचा. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) आयआयटीकडून गांधीनगरकडे जाताना आणि येताना कळतं मोटर काय चीज आहे ते. माझं मत, हलकी घेताय तर गिअरवाली घ्या. हलक्या सायकलची मोटर छोटी असते, चढावर तिला पायाची मदत लागते आणि सिंगल स्पीडमध्ये पाय अडतात.

सेन्सरचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. स्वस्तातल्यांमध्ये पेडल फिरलं की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो. सिग्नलला उभी असताना अर्धा फेरा मारेपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम ढकलते, पुढे बेस्टची बस असेल तर पोटात गोळा येतो. दुसरा प्रकार पायाचा जोर ओळखतो, जेवढा जोर तेवढी मदत. महाग आहे, पण शेजारून रिक्षा घासून जात असताना तोच हवा. ट्रायल घ्याल तेव्हा सरळ रस्त्यावर पळवू नका, थांबा-निघा थांबा-निघा असं करून बघा.

साधी सायकल झिंदाबाद
सहा-सात किलोमीटर सपाट रस्त्याला मोटर कशाला लागते राव? ११-१२ किलोची गिअरची सायकल घ्या, निम्मे पैसे वाचतील, पोटही उतरेल.

माहीमकर
दादा, ऑक्टोबरमध्ये साडेनऊला प्रभादेवीला सिग्नलवर उभं राहून बघा. ऑफिसात शॉवर नाही. पोट नंतर बघू, आधी शर्ट वाचू दे.

परळचा पाऊस
पावसाचं लिहितो कारण विकणारे सांगत नाहीत. सायकलवर पाण्यापासून बचावाचं रेटिंग लिहिलेलं असतं, त्यातलं आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. पाऊस पडतोय आणि तुम्ही जाताय, चालेल. हिंदमाताला पाणी तुंबलंय आणि हब (चाकाचा मधला भाग) पाण्याखाली जातंय, चालणार नाही, उतरा आणि फुटपाथ धरा. माझ्या सायकलच्या मागच्या चाकातून निघणाऱ्या वायरीच्या जोडात पाणी गेलं, मोटर झटके द्यायला लागली. सर्व्हिसवाल्यांनी, नाव घेत नाही, वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले आणि कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा सर्किटचा डबा) बदलायला सांगितला. कोपऱ्यावरच्या टीव्ही रिपेअरवाल्याने जोड उघडला, गंजलेल्या पिना घासल्या, ड्रायरने सुकवलं, चालू. तेव्हापासून जोड खालच्या बाजूला वळवून ठेवलाय, पाणी निथळून जातं. धुताना प्रेशरचा पाइप लांब ठेवा.

पंक्चर! मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चरवाला बघूनच नाही म्हणतो. चाक काढायला बहुतेक वेळा १८ नंबरचा पाना लागतो आणि वायर सोडवावी लागते. पण साध्या पंक्चरला चाक काढायची गरजच नाही, टायर एका बाजूने उचकटायचा, ट्यूब बाहेर ओढून तिथेच ठिगळ लावायचं. हे त्याला तुम्हालाच सांगावं लागतं. पाना सॅकमध्ये ठेवा.

डोंबिवली फास्ट नाही स्लो
फोल्डिंग म्हणजे हलकी असं समजून कोणी घेऊ नका, जाड टायरवाल्या फोल्डिंग तर साध्यापेक्षा जड निघतात. छोटी चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि खड्ड्यात कंबरडं मोडतात. सकाळच्या लोकलमध्ये घडी घालून न्यायचं स्वप्न असेल तर सोडून द्या, तिथे माणसाचीच घडी होते.

अजून एक, मॅप बघून रस्ता ठरवू नका. सी लिंक, कोस्टल रोड, फ्रीवे, जेजे फ्लायओव्हर, यातलं काही आपल्याला नाही. वांद्र्याहून वरळी म्हणजे माहीम-दादर फिरूनच, अंतर त्या हिशोबाने धरा.

सेक्रेटरी (माजी)
सोसायटीच्या मीटर रूममध्ये चार्जिंग लावू नका, भांडण ठरलेलं आहे आणि खरं सांगायचं तर भांडणारे बरोबर असतात. बॅटरी घरात आणा, कंपनीचाच चार्जर, घरात कोणी जागं असताना लावा, दाराच्या वाटेत नको, भिजून आली असेल तर आधी सुकू दे. गावाला जाताना फुल चार्ज करून ठेवू नका, अर्धी बरी.

माहीमकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे छोटी निघणारी बॅटरी, गिअर, आडवी दांडी, १६ च्या आसपास वजन. एक राहिलं, डबा आणि लॅपटॉप कुठे ठेवता? पाठीवर सॅक घेतली तर शर्टाचं परत तेच.

लालबाग तिसरा मजला
मागच्या चाकाच्या वर फ्रेमला कॅरिअरचे स्क्रू बसायला भोकं आहेत का बघून घ्या, बऱ्याच हलक्या मॉडेलना नसतातच. असतील तर कॅरिअर आणि बाजूला लटकणारी बॅग लावा, पण बॅग निघणारी हवी, नाहीतर जिन्यात तीच अडकते. डबा उजव्या बाजूला, लॅपटॉप डाव्या, मधे जुना टॉवेल. आमटी मात्र शक्यतो नको.