दोन्ही मनगटांचं ऑपरेशन, जाड हृदय: स्कॅन सरसकट करावा का?

धागाकर्ती: बाबा ७४ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी कार्पल टनेलसाठी (मनगटात नस दबते तो त्रास) दोन्ही हातांचं ऑपरेशन झालं. पुढे बीपी आपोआप उतरलं, गोळ्या सुटल्या, आम्ही खूश. मग धाप, पायाला सूज. इकोत भिंती जाड, "जुन्या बीपीमुळे". दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी इको आणि ईसीजी शेजारी ठेवले: भिंत जाड, पण ईसीजीच्या रेघा बुटक्या. अमायलॉइडोसिस निघाला, म्हणजे बिघडलेलं प्रथिन हृदयात साचणं; बाबांचा ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचा. तेच मनगटातही साचून नस दाबतं. माझं मत: साठीपुढचा माणूस, जाड भिंती आणि दोन्ही मनगटांचा त्रास असेल, तर पायरोफॉस्फेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून साचलेलं प्रथिन हृदयात उजळतं का पाहणं) झालाच पाहिजे.

तालुक्यातला फिजिशियन: ताई, सरसकट नको. माझ्याकडचे जाड भिंतीचे बहुतेक पेशंट खरोखर बीपीचेच असतात. स्कॅनला शहरात पाठवायचं म्हणजे सोबतच्याचाही खाडा. आणि औषध परवडणार नसेल तर नाव कळून करायचं काय?

रक्तविकारवाली: दोघांच्याही बोलण्यात पहिली पायरी राहिली. आधी रक्तात फ्री लाइट चेन (अँटीबॉडीचे सुटे तुकडे), मग रक्त आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन (एकाच साच्याचं, म्हणजे मोनोक्लोनल प्रोटीन शोधणारी तपासणी). कारण अमायलॉइडोसिसचा दुसरा, लाइट चेनचा, म्हणजे एएल प्रकारही स्कॅनवर उजळू शकतो. तो ट्रान्सथायरेटिन समजून सोडला तर पेशंट हातचा जातो. तिथे केमो आठवड्यांत सुरू व्हावी लागते. २०१६ चे निकष हेच सांगतात: स्कॅन ग्रेड २ किंवा ३ (हृदय हाडांइतकं किंवा त्याहून उजळ) आणि या तिन्ही तपासण्या स्वच्छ, तरच बायोप्सीशिवाय निदान. म्हातारपणी काहींना थोडं मोनोक्लोनल प्रोटीन सापडतं; मग बायोप्सी सहसा टळत नाही. स्पेक्ट (त्रिमितीय स्कॅन) न करता नुसत्या सपाट चित्रावर रिपोर्ट देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, पोकळीतलं रक्तही स्नायूसारखं दिसतं.

इकोवाला: बुटक्या रेघांवर फार विसंबू नका. ट्रान्सथायरेटिनमध्ये अनेकांचा ईसीजी उंचीला नॉर्मल असतो. इकोतच स्ट्रेन (स्नायूचा कुठला भाग किती आकसतो त्याचं मोजमाप) करा: हृदयाचं टोक शाबूत आणि बुंधा मंद दिसला की शंका घ्या.

धागाकर्ती: "करायचं काय"चं उत्तर देते. बाबांना बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) सोसत नव्हता, तरी डोस वाढत होता. नाव कळल्यावर तो थांबला आणि ते जिना चढू लागले. हा आजार आनुवंशिक असू शकतो म्हणून जीन तपासणी झाली, आता आम्हा भावंडांचंही ठरेल. टॅफामिडिस, म्हणजे यावरचं औषध, लवकर दिलेलं बरं, हे वेगळंच.

तालुक्यातला फिजिशियन: बीटा ब्लॉकरचं मान्य. मनगटांचं उद्यापासून विचारेन. स्कॅनची चिठ्ठी मात्र लाइट चेनचा रिपोर्ट हातात आल्यावरच.

धागाकर्ती: विचारायची तरी काय गरज? बाबांच्या मनगटांवरचे टाक्यांचे व्रण बीपीचा पट्टा बांधताना दर वेळी समोरच होते.