नोट्स एक, पेपर एक, मग भेदभाव कुठला?

कॉलेजात सगळ्यांना नोट्स आणि पेपर एकच, म्हणून भेदभाव नाही म्हणता, पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची मराठी माध्यमातली पोरं बीएला इतिहासाच्या तासाला गप्प का असतात? उत्तर कन्नड किंवा इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. उदाहरण घ्या, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ती नंदगडला, खानापूर तालुक्यातच. तिथल्या पोरीला आधी मराठीत बोलू द्या, कन्नड भागातल्या बैलहोंगलचा पोरगा कन्नडमध्ये भर घालेल, मग दोघांनी मिळून लिहावं. पोर्शन रेंगाळतो, हे मान्य. पण सगळे गुण पेपरलाच कशाला? गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती आणल्या तर त्यालाही द्या की. आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न वर्गात नको म्हणणाऱ्यांना एकच सांगणं, या वादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि त्यावरचे महाराष्ट्राचे आक्षेप, दोन्ही वाचायला द्या. भांडतील, भांडू देत.