शांतिसेनेतील हुतात्म्यांवरील टपाल तिकिटाची मागणी कशी मांडावी?

फोंड्याचा वाचक:

सप्रेम नमस्कार. फोंडा तालुक्यातील आम्ही काही माजी सैनिक आणि तिकीटसंग्राहक गेले वर्षभर एका मागणीसाठी सह्या गोळा करीत आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कर्तव्य बजावताना ज्या भारतीय सैनिकांना मरण आले, त्यांच्या स्मरणार्थ टपाल खात्याने विशेष तिकीट काढावे, ही ती मागणी. आमच्या पहिल्या पत्राला एका कार्यालयाकडून ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. ते पुढे कोठे गेले, हे आठ महिने झाले तरी कळलेले नाही.

हा विषय मला सुचला तो माझ्या अल्बममधील एका जुन्या तिकिटावरून. भारताचा नकाशा असलेले, नव्या पैशांच्या काळातील ते साधेच तिकीट. पण त्यावर ‘यू. एन. फोर्स (इंडिया) काँगो’ अशी इंग्रजी अक्षरे नंतर छापलेली आहेत. काँगोत गेलेल्या आपल्या तुकड्यांच्या टपालासाठी १९६२ च्या जानेवारीत ही तिकिटे निघाली. त्याआधी जेमतेम सहा आठवडे, ५ डिसेंबर १९६१ रोजी, काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे रस्ता अडवून बसलेल्या, कटांगा या फुटीर प्रांताच्या नव्वदेक सैनिकांवर कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या सोळा गुरख्यांनिशी चाल केली आणि तो अडथळा मोडून काढताना ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेतील कामगिरीसाठी हा सन्मान लाभलेले ते एकमेव. डिसेंबर १९६१ म्हटले की आम्हा गोवेकरांना गोवामुक्तीची १९ तारीखच आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु तिच्या चौदाच दिवस आधी हे घडले होते, हे मला स्वतःला साठी उलटल्यावर कळले.

प्रस्ताव कोणाकडे आणि कोणत्या निमित्ताने पाठवावा? तिकिटावर सलारिया यांचे चित्र मागावे की सर्वांचे मिळून एखादे चिन्ह?

मळ्यातला संग्राहक, पणजी:

पत्रात एक मोठी उणीव राहिली असावी, असे वाटते. भारतीय सेनेच्या शांतिसेनेतील कामगिरीवर २००४ साली पाच रुपयांचे तिकीट निघालेले आहे. त्याचा उल्लेख आपण स्वतःहून केला नाही, तर ‘या विषयावर तिकीट झालेले आहे’ एवढे म्हणून फाइल बंद करणे कोणालाही सोपे जाते. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहावे की ते तिकीट कामगिरीचे होते आणि ही मागणी हुतात्म्यांसाठी आहे. अशा मोहिमांत भारताइतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही देशाने गमावलेली नाहीत. १९६० ते १९६४ या काळात एकट्या काँगोत आपले ३९ जण मृत्युमुखी पडले. न्यूयॉर्क येथे शांतिसैनिकांसाठी स्मारकभिंत उभारावी, हा ठरावही भारतानेच मांडला आणि २०२३ च्या जूनमध्ये आमसभेने तो एकमताने संमत केला. जो देश जगाकडे भिंत मागतो, त्याने आपल्या घरी एक तिकीट काढावे, हा युक्तिवाद सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक वजनदार ठरेल.

विषयांची निवड टपाल खात्याची तिकीटविषयक सल्लागार समिती करते, तेव्हा प्रस्ताव दिल्लीला डाक भवनाच्या पत्त्यावर पाठवावा आणि प्रत पणजीच्या पोस्टमास्तर जनरल कार्यालयाला द्यावी. प्रस्ताव किमान दोन वर्षे आधी पोचावा, अशी अपेक्षा असते. पहिली शांतिमोहीम २९ मे १९४८ रोजी सुरू झाली आणि म्हणूनच २९ मे हा शांतिसैनिक दिन पाळला जातो. २०२८ साली त्या घटनेला ८० वर्षे होतील. नुसत्या ‘लवकरात लवकर’पेक्षा अशी ठरलेली तारीख मागितलेली बरी.

माजी सुभेदार, साखळी:

सलारिया साहेबांविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही मी एका चेहऱ्याच्या विरुद्ध आहे. दक्षिण सुदानमध्ये एप्रिल २०१३ मध्ये आपले पाच जवान एका हल्ल्यात मारले गेले. त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? शांतिसेनेची निळी टोपी किंवा निळे शिरस्त्राण पुरेसे आहे. दुसरे असे की, तुम्ही सर्वत्र ‘सैनिक’ लिहिता. जुलै २०२२ मध्ये काँगोतील बुटेम्बो येथे जे दोघे मारले गेले, ते सीमा सुरक्षा दलाचे हेड कॉन्स्टेबल होते. तुमच्या शब्दाने ते बाहेर राहतात.

पेडण्याची वाचक:

दिल्लीचा निर्णय होईपर्यंत विशेष पाकीट आणि विशेष शिक्का यांचा विचार करावा, कारण त्याची मंजुरी सर्कलच्या, म्हणजे टपाल खात्याच्या प्रादेशिक विभागाच्या, पातळीवर होऊ शकते. आमच्या तालुक्यातील पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर १९ डिसेंबर २०२१ रोजी ‘माय स्टॅम्प’ निघाला, आणि त्याच दिवशी आयएनएस गोमंतक या नौदल तळावरील, गोवामुक्तीत कामी आलेल्या सात नौसैनिकांच्या स्मारकाचे चित्र असलेला विशेष शिक्काही. गोव्यात हे घडलेले आहे, तेव्हा पुन्हा मागायला संकोच नसावा.

मळ्यातला संग्राहक, पणजी:

पाकिटाला माझी हरकत नाही. ‘माय स्टॅम्प’ मात्र पैसे भरून कोणालाही, अगदी लग्नाच्या वाढदिवसालाही, छापून घेता येतो. त्यावर समाधान मानले, तर मूळ मागणी तेथेच थंडावेल, अशी मला भीती वाटते.

फोंड्याचा वाचक:

सर्वांचे मनापासून आभार. २००४ च्या तिकिटाचा विसर पडला, ही संग्राहक म्हणून माझी चूकच आहे. ते माझ्याकडे दुसऱ्या अल्बममध्ये आहे. चेहऱ्याचा आग्रह सोडतो, सलारिया यांचा उल्लेख तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात यावा एवढीच विनंती करीन. सुभेदारसाहेबांच्या सूचनेप्रमाणे ‘सैनिक’ ऐवजी ‘शांतिसैनिक व पोलीस’ असा बदल करून नवा मसुदा रविवारपर्यंत येथे ठेवतो. सह्यांच्या सर्व कागदांच्या माथ्यावर मात्र जुनाच मजकूर छापलेला आहे, त्यामुळे घरोघरी पुन्हा जावे लागेल. साखळी आणि पेडणे भागात ते काम कोणी अंगावर घेईल का?