कचराकुंडीची पातळी लेझरने मोजताना ६४ आकडे हवेत की एकच पुरे?

सर्किटकर

विषय नेमका मांडतो. २४० लिटरची चाकांची कुंडी, आतली खोली साधारण १ मीटर. झाकणाच्या आतून खाली बघणारा लेझर सेन्सर, तासाला एक मोजणी, लोरावॅनवरून (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ जाळं) संदेश. सेल एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड: ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तास, म्हणजे एकूण ३१ किलोज्यूल.

माझं मत: व्हीएल५३एल१एक्स हा एका झोताचा सेन्सर घ्यावा आणि एकच बाइट पाठवावा. दर पायरी २ सेंमी धरली तर एका बाइटमध्ये ५ मीटर बसतात. जवळच्या अंतराचा मोड लावला की पल्ला १.३ मीटर मिळतो, कुंडीला तो पुरतो. ५० मिलिसेकंदांच्या मोजणीत सुमारे १८ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ३ मिलिज्यूल. झाकण बंद असताना आत अंधार असतो, त्यामुळे उन्हाचा त्रासही नाही.

याउलट व्हीएल५३एल५सीएक्स हा सेन्सर ८ गुणिले ८ झोन देतो, म्हणजे दृश्याचे ६४ तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं अंतर. झोनमागे एक बाइट धरला तरी ६४ बाइट झाले. भारतातल्या ८६५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात एसएफ१२ (सर्वांत संथ, पण सर्वांत दूर पोचणारी रेडिओ सेटिंग) वर एका संदेशात ५१ बाइटच मावतात. जे पाठवताच येत नाही ते मोजायचं कशाला?

घंटागाडी

कारण सुक्या कचऱ्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. कोणी एक खोकं उभं टाकलं की तुमचा सेन्सर कुंडी भरली म्हणून कळवणार. झोताचा कोन २७ अंश, म्हणजे १ मीटरवर सुमारे ४८ सेंमी रुंदी. खोकं आणि तळ दोन्ही त्यात आले तर आकडा मधलाच काहीतरी येतो, आणि ज्या पृष्ठभागावरून जास्त प्रकाश परततो त्याच्याकडे झुकतो. काळी प्लास्टिक पिशवी सेन्सरचा ९४० नॅनोमीटरचा (अवरक्त) प्रकाश बराचसा शोषते, पांढरं खोकं भरपूर परतवतं. मग खोक्याचंच ऐकलं जाणार.

सेलचे मिलिज्यूल मोजता तसा गाडीच्या फुकट फेरीचा डिझेलही मोजा. वीज वाचवण्यासाठी माहिती कापायची आणि त्या कापण्यामुळे गाडी अर्ध्या रिकाम्या कुंडीपाशी जायची, हा सौदा मला मान्य नाही.

सर्किटकर

झोत अरुंद करता येतो. १६ गुणिले १६ च्या ग्राहक पेशींपैकी फक्त ४ गुणिले ४ वापरल्या की कोन १५ अंशांवर येतो, १ मीटरवर २६ सेंमी. परतीचा प्रकाश कमी पडतो, तो मोजणीचा वेळ ५० वरून १०० मिलिसेकंद करून भरून काढायचा. तरी ६ मिलिज्यूलच झाले.

आणि तुमच्या ६४ झोनवाल्याची अडचण वेगळीच आहे. वीज तोडून पुन्हा दिली की दरवेळी सुमारे ८४ किलोबाइट फर्मवेअर (सेन्सर चालवणारा प्रोग्रॅम) आयटूसीवरून (चिपांमधली दोन तारांची जोडणी) त्यात भरावं लागतं. ४०० किलोहर्ट्झवर त्यालाच जवळपास २ सेकंद. ६४ किलोबाइट फ्लॅशच्या (कायम साठवणीच्या) मायक्रोकंट्रोलरमध्ये तर ते मावतही नाही.

अर्धवाहक

दोघेही सेन्सरवर भांडताय, पण खर्च रेडिओत आहे. एसएफ१२, १२५ किलोहर्ट्झ पट्टारुंदी, लोरावॅनचे स्वतःचे १३ बाइट धरून हवेतला वेळ असा येतो:

१ किंवा २ बाइट: १.१६ सेकंद
३ ते ७ बाइट: १.३२ सेकंद
१६ बाइट: १.६५ सेकंद
५१ बाइट: २.७९ सेकंद

एसएक्स१२७६ ही रेडिओ चिप १३ डीबीएम प्रक्षेपण ताकदीवर २९ मिलिअँपिअर घेते. ३.३ व्होल्टवर १ बाइटचा संदेश १११ मिलिज्यूल, ५१ बाइटचा २६७. मोजणीच्या ३ आणि ६ मधला फरक यापुढे नगण्य आहे. तेव्हा "कमी मोजा" यात फारसा अर्थ नाही, कमी पाठवा. त्यातही पायऱ्या बघा: एसएफ१२ वर सिम्बॉल (रेडिओ संकेताचे तुकडे) पाच-पाचच्या गठ्ठ्याने वाढतात, म्हणून ३ बाइट आणि ७ बाइट यांना एकच भाडं. एकच बाइट पाठवून सर्किटकर जे वाचवतात ते ७ बाइटच्या तुलनेत १६ मिलिज्यूल. एवढ्यासाठी आंधळं व्हायचं?

गर्दीही बघा. एका गेटवेवर (संदेश झेलणाऱ्या केंद्रावर) ५०० कुंड्या, तीन मूळ चॅनेल, प्रत्येकीचा तासाला एक संदेश. ५१ बाइटला प्रत्येक चॅनेल १३ टक्के व्यापला जातो; बेशिस्त प्रक्षेपणाच्या साध्या अलोहा सूत्राने सुमारे ७७ टक्केच संदेश टक्कर न होता पोचतात. ७ बाइटला हेच ८८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे डेटा कापणं सेलइतकंच पोचण्यासाठीही गरजेचं आहे.

फर्मवेअरबद्दल: झोपेच्या मोडमध्ये ते टिकतं, पुन्हा भरावं लागत नाही. पण समजा झोपेत ५० मायक्रोअँपिअर जातात, तर तासाला ५९४ मिलिज्यूल झाले. पुन्हा भरायला मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर मिळून १०० मिलिज्यूल धरले, तर १० मिनिटांहून जास्त अंतराने मोजताना वीज पूर्ण तोडणंच स्वस्त. डेटाशीटमधले आपले आकडे घालून हे गणित आधी करा.

घंटागाडी

मग ६४ झोन मोजा, कुंडीतच आटवा आणि ७ बाइट पाठवा, याला माझी हरकत नाही. पण काय वगळायचं ते नीट ठरवा. ६४ झोनवाल्याचा ४५ अंशांचा चौकोन १ मीटरवर ८३ सेंमी होतो, कुंडीपेक्षा रुंद. कडेचे झोन भिंतच बघणार. रिकाम्या कुंडीची ६४ अंतरं बसवतानाच साठवा. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय सरासरी काढू नका.

सर्किटकर

७ बाइट मान्य. मात्र ओल्या कचऱ्याच्या कुंडीसाठी ६४ झोन मला अजूनही पटत नाहीत. तिथला थर बराचसा सपाट बसतो. दोन प्रकारच्या कुंड्यांना दोन सेन्सर लावा, ओल्याला स्वस्त असेल तो.

अर्धवाहक

उलट ओल्यालाच जास्त झोन हवेत. वाफ झाकणाला धरते, सेन्सरच्या काचेवर थेंब बसतात, प्रकाश काचेतूनच मागे फिरतो आणि आकडा काही सेंमीवर येतो. एका झोताला हे "कुंडी काठोकाठ" असंच दिसतं. ६४ झोनमध्ये खूण मिळते: जवळपास सगळे झोन सारखंच खोटं जवळचं अंतर देतात, आणि कुंडी रिकामी केल्यावरही ते हलत नाही. ६४ झोनच्या सेन्सरची काचेच्या परतीपासूनची हमी ६० सेंमीच्या पुढेच आहे, आणि भरत आलेली कुंडी नेमकी त्याच्या आत असते. म्हणून सेन्सर आणि काच यांत फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी ठेवा, सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या खिडकीमध्ये काळी फोमपट्टी द्या, आणि काच बसवल्यावर ३ टक्के परावर्तनाचं काळं कार्ड ६० सेंमीवर, पूर्ण दृश्य झाकेल असं धरून कॅलिब्रेट करा.

सात बाइट मी असे भरेन: मधल्या १६ झोनांचा मध्यक, सर्वांत जवळचं अंतर, सर्वांत दूरचं अंतर, वैध झोनांची संख्या, परतीच्या प्रकाशाची ताकद, सेलचा व्होल्टेज, तापमान. मध्यक दूर आणि जवळचं अंतर एकटंच जवळ असेल तर उभं खोकं. तिन्ही जवळ आणि ताकद अवाजवी असेल तर काच.

घंटागाडी

दोन गोष्टी राहिल्या. सुरू केल्यावर पहिल्या चौकटीत (एका वेळच्या ६४ अंतरांच्या संचात) बहुतेक झोनांची स्थिती (आकडा कितपत खात्रीचा ते सांगणारा क्रमांक) ६ येते, ती टाकून दुसरी घ्या. स्थिती ५ असलेलेच झोन निःशंक धरा. आणि झाकणाला कलस्विच (कललं की कळवणारा) लावा. झाकण उघडं असताना घेतलेली मोजणी रस्त्याची किंवा भिंतीची असते. अशा वेळी ५ मिनिटं थांबून पुन्हा मोजा.

सर्किटकर

कलस्विच पटला. ओल्या कुंडीबाबत काचेचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावर आधी झाकणाचा उपाय करा: सेन्सर बिजागरीच्या बाजूला उंचावर, काच थोडी तिरकी, म्हणजे थेंब ओघळतील. तेवढं करूनही खोटे "भरली" येत राहिले तरच मी ओल्याला ६४ झोन लावेन.