इस्तंबूल: शेवटचा दिवस बघण्याचा की खाण्याचा?

रानवाट:
आठ दिवस तुर्कस्तानात हिंडून परवाच परतलो. निघायच्या दिवशी विमान रात्रीचं होतं. तोपकापी राजवाडा आणि जमिनीखालचं बसिलिका टाकं, दोन्ही बघायचं राहिलं होतं. आम्ही दोन्ही सोडलं आणि एमिनोनूच्या धक्क्यावरून बोटीनं बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपलीकडे, आशियाच्या काठावरच्या कादिकोयला गेलो. बोटीवर तीळ लावलेला सिमित (कड्यासारखा गोल पाव) आणि छोट्या काचेच्या पेल्यातला चहा (तुर्कीतही ‘चाय’च म्हणतात). कादिकोयच्या बाजारात लोणच्याचं आंबट-खारट पाणी पेला भरून पितात, तेही प्यालो. मग मसुराचं सूप, वर लिंबू पिळून. आठ दिवसांनी आमटी भेटल्यासारखं वाटलं. माझं ठाम मत आहे, शेवटच्या दिवशी तिकिटाच्या एकाही रांगेत उभं राहू नये.

चाफेकळी:
अजिबात पटलं नाही. तुर्कस्तानला आपण पुन्हा कधी जाणार? आईबाबांबरोबर गेले होते तेव्हा शेवटच्या सकाळी आम्ही ते टाकंच पाहिलं. सहाव्या शतकातलं, सम्राट जस्टिनियनच्या काळातलं. ३३६ खांब! टोकाच्या दोन खांबांखाली मेडुसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली) मुंडकी, एक उलटं, एक आडवं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. इथं पाणी लांबच्या जंगलातून यायचं हे कळल्यावर ते उताराचा हिशोब मांडत बसले, हलेचनात. मसुराचं सूप घरी करता येतं हो.

कोकणकडा:
चाफेकळीताईंशी सहमत. शिवाय नवा विमानतळ युरोपच्या बाजूला, शहरापासून बराच लांब. आशियाच्या काठावरून परत या, हॉटेलातून बॅगा उचला, मग ट्रॅफिक. आमचं विमान चुकता चुकता राहिलं. आणि गालाटा पुलाजवळच्या मासळी-पावासाठी जाणार असाल, तर त्यातला बांगडा बहुतेकदा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. रत्नागिरीच्या माणसानं तो कशाला खायचा?

रानवाट:
बांगड्याचं मान्य. टाक्याचंही मान्य, ते तासाभरात होतं. चाफेकळी, तुमच्या बाबांसारखं कुणी सोबत असेल तर मी नंतरची बोट पकडेन. पण तोपकापी नाहीच. हरेम (राजवाड्यातला जनानखाना) धरून तीन-चार तास, तेही सतत घड्याळाकडे बघत? त्या बोटीवर एक आजी सिमितचे तुकडे समुद्रपक्ष्यांना भिरकावत होत्या. अर्धा सिमित त्यांनी आमच्या लेकीच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. कादिकोयचा धक्का येईपर्यंत दोघी मिळून तो उडवत होत्या.